‘बी.के.टी.’मधला ‘के’

धामणगाव बढे हे मोताळा तालुक्यातले बाजाराचे गाव. इथे रस्त्याला लागून माझे झेरॉक्सचे दुकान आहे. बारावीनंतर माझे शिक्षण सुटले. पुढे जे काही वाचले ते ग्रंथालयांतून आणि ग्राहकांच्या कागदांतून. सातबारा, जातीचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, दवाखान्याची फाइल. दुसऱ्याचा कागद वाचू नये, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. तो मी इतक्या वर्षांत फारसा पाळलेला नाही, आणि या लेखाचे मूळही त्याच खोडीत आहे.

२००२ साली मात्र एक कागद असा काचेवर आला की तो वाचण्याचा मला हक्क होता. तो माझ्या धाकट्या भावाचा होता. इंग्रजीत टाइप केलेल्या तीन ओळी: बी.के.टी. ४६; मध्यम मतिमंदत्व; अपंगत्व ७५ टक्के. खाली सही आणि शिक्का.

धाकटा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. शाळेत तो तिसरीपर्यंत गेला, मग बसलाच नाही. दहाच्या वरच्या नोटांचा हिशेब त्याला जमत नाही, वाचता येत नाही, अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नाही. पण आळीतली सगळी जनावरे तो शिंगांवरून ओळखतो. कोणाची गाय कधी गाभण राहिली हे गावकरी त्याला विचारायला येत. वावरात रात्री पऱ्हाटीच्या कोणत्या तासापर्यंत पाणी पोचले, हे सकाळी बाबा त्यालाच विचारायचे. हे सगळे त्या ४६ मध्ये कुठे बसते, ते मला कळेना. मुळात बी.के.टी. म्हणजे काय हेच कळत नव्हते. दुकानात बसलेल्या एका गृहस्थांनी रक्ताची तपासणी असेल म्हणून सांगितले, आणि काही महिने मी ते खरे मानून चाललो.

मलकापूरच्या एका प्राध्यापकांनी शेवटी उलगडा केला. ‘बी’ म्हणजे बिने, ‘टी’ म्हणजे टेस्ट आणि ‘के’ म्हणजे कामत. फ्रेंच माणसाच्या शेजारी हे कामत कसे येऊन बसले, या कुतूहलापायी मी मानसशास्त्राच्या इतिहासात शिरलो तो आजतागायत बाहेर पडलेलो नाही.

त्या प्राध्यापकांनीच मला बी.ए.च्या पहिल्या वर्षाचे एक जुने पाठ्यपुस्तक दिले. त्यात सुरुवातीलाच मानसशास्त्राच्या शाखांची यादी होती: प्रायोगिक, विकासात्मक, शैक्षणिक, चिकित्सा, सामाजिक, औद्योगिक, समुपदेशन. प्रत्येकीपुढे दोन ओळींची व्याख्या. अशी यादी वाचली की वाटते, एकाच झाडाला एकाच हंगामात या फांद्या फुटल्या असाव्यात. इतिहास तसे सांगत नाही. प्रत्येक शाखा वेगळ्या वर्षी, वेगळ्या गरजेतून आणि बहुतेक वेळा कोणाच्या तरी पैशाने उगवली. तिचा माणसाला विचारायचा प्रश्नही वेगळा. म्हणून एखाद्या मुलखात कोणती शाखा आधी पोचली आणि कोणती पोचलीच नाही, यावर तिथल्या माणसाला कोणता प्रश्न विचारला जाणार हे ठरते. वऱ्हाडापुरता हा शोध मी घेत आलो आहे.

सुरुवात सगळेच लाइपझिगपासून करतात. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी तिथे प्रयोगशाळा उघडली आणि प्रायोगिक मानसशास्त्राचा जन्म झाला. संवेदना, अवधान, प्रतिक्रियेला लागणारा वेळ हे त्यांचे विषय होते. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की वुंटना कोण हुशार आणि कोण मठ्ठ यात रस नव्हता. सर्व माणसांच्या मनात सारखे काय चालते, हा त्यांचा प्रश्न होता. भारतात ही शाखा कलकत्त्याला आली. १९१६ साली तिथल्या विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या हाताखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याच शहरात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये मनोविश्लेषणाची संस्था काढली. त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता. १९२४ मध्ये म्हैसूरला विभाग निघाला. आमच्याकडे यातले काही आले नाही, आणि आले नाही म्हणून कोणाचे अडलेही नाही. मापनाची गोष्ट निराळी.

आल्फ्रेड बिने हा पॅरिसचा मानसशास्त्रज्ञ. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाले तेव्हा वर्गात मागे पडणारी मुले पहिल्यांदाच सरकारच्या नजरेत भरली. त्यांना वेगळी मदत द्यायची, तर ती ओळखायची कशी? १९०४ मध्ये समिती नेमली गेली, आणि १९०५ मध्ये बिने व त्याचा सहकारी सिमाँ यांनी सोप्यापासून अवघडापर्यंत प्रश्नांची एक शिडी तयार केली. आकडे ऐकून पुन्हा म्हणणे, चित्रात काय दिसते ते सांगणे, दोन वस्तूंतला फरक ओळखणे असे ते प्रश्न. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी एक रक्कम आहे, ही कल्पना बिनेला मान्य नव्हती. १९०९ च्या पुस्तकात त्याने तिच्यावर कडक टीका केली आहे. १९११ मध्ये तो वारला. १९१२ मध्ये विल्यम श्टेर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची युक्ती सुचवली, आणि १९१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुइस टर्मनने त्या भागाकाराला शंभराने गुणून ‘बुद्ध्यांक’ रूढ केला. बिनेच्या शिडीला आकडा चिकटला तो असा, तिचा कर्ता गेल्यावर.

टर्मनच्या शिडीतले प्रश्न कॅलिफोर्नियातल्या मुलांवर घासूनपुसून घेतलेले. ते इथल्या मुलांना विचारायचे, तर भाषा बदलून भागणार नव्हते. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातले सी. हर्बर्ट राइस यांनी हिंदुस्थानी भाषेसाठी एक मापनश्रेणी तयार केली, तिचे पुस्तक १९२९ मध्ये निघाले. आणि १९३४ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’त डॉ. व्ही. व्ही. कामत यांचा लेख आला: बिने श्रेणीची भारतीय मुलांसाठी सुधारित आवृत्ती, कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी. भूमी धारवाडची. १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचे ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हे पुस्तक काढले आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. कामतांचे काम शैक्षणिक मानसशास्त्रातले होते. शाळेत येणारे मूल कुठवर आले आहे आणि त्याला पुढे कसे न्यावे, हा त्या शाखेचा प्रश्न. सरकारी सवलत कोणाला द्यायची, हा तिचा प्रश्न नव्हता. धारवाडच्या शाळकरी मुलांसाठी तयार झालेली फूटपट्टी पुढे देशभरच्या दवाखान्यांत गेली आणि साठ-सत्तर वर्षे वापरात राहिली. दुसऱ्या कोणा मराठी-कानडी भाषिक संशोधकाचे नाव, निदान आद्याक्षराने, इतक्या घरांतल्या कपाटांत पडून असेल असे मला वाटत नाही. आणि तरीही नाव माहीत असलेला माणूस मला बाजारात आजवर भेटलेला नाही.

आता तो ४६. प्रौढ माणसाचे खरे वय किती धरायचे, ही या पद्धतीची जुनी अडचण. मनाची वाढ वयाबरोबर कायम होत राहत नाही, म्हणून टर्मनने प्रौढांसाठी सोळा हे वय भाजक म्हणून धरले. उलटा हिशेब केला तर ४६ म्हणजे मानसिक वय सात वर्षे चार महिने. मी हा गुणाकार दुकानात रद्दी कागदाच्या पाठीवर केला होता. अठ्ठावीस वर्षांचा भाऊ, सात वर्षे चार महिन्यांचा.

चाचणीच्या वेळी मी सोबत होतो. ठिकाणाचे नाव इथे नको; तपासणारा तरुण वाईट नव्हता, बाहेर रांग मोठी होती आणि तो शहरातून नवाच आलेला. त्याने आधी धाकट्यापुढे एक लाकडी पाटी ठेवली. तिच्यात गोल, चौकोन, चांदणी अशा आकारांची भोके, आणि बाजूला त्यांचे ठोकळे. धाकट्याने ती झटक्यात भरली. मग तोंडी प्रश्न सुरू झाले आणि तो मिटला. आज तारीख कोणती, या प्रश्नाला त्याने बऱ्याच वेळाने माझ्याकडे पाहत उत्तर दिले, “काल बाजार होता.” ते बरोबरच होते. काल बाजार होता. पण कागदावर फुली पडली. टर्मनच्या १९१६ च्या श्रेणीत तारीख-वार सांगण्याचा प्रश्न नऊ वर्षांच्या गटात आहे, हे मी नंतर वाचले. ज्या घरात दिनदर्शिका आणि वर्तमानपत्र आहे, त्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाला तो बरोबर बसतो.

शाळा न शिकलेल्यांसाठी वेगळी फूटपट्टी नव्हती असेही नाही. सी. एम. भाटिया यांनी उत्तर प्रदेशात ठोकळे, आकृत्या आणि चित्रांचे तुकडे यांवर आधारलेली कृतिचाचणी तयार केली होती. तिचे पुस्तक १९५५ चे. ती अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांवर बेतलेली, म्हणून धाकट्याला चालली असती की नाही, हा वाद तज्ज्ञांनी करावा. पण लिहिता-वाचता न येणे म्हणजे बुद्धी नसणे नव्हे, हे मापनशास्त्रातल्याच लोकांना त्या वेळी कळलेले होते.

त्या लाकडी पाटीचा इतिहास मला जास्त हेलावून गेला. एदुआर सेगँ हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच वैद्य. ज्या मुलांना शिकवता येणार नाही असे सगळे म्हणत, त्यांना तो हातांनी, डोळ्यांनी, स्पर्शाने शिकवत असे, आणि तसली साधने त्याने त्यासाठी घडवली. पुढे रोममध्ये मारिया माँटेसरी अशाच मुलांबरोबर काम करताना त्याच्या साधनांकडे वळल्या, आणि त्यांतून बालवाडीतली ती लाकडी साधने आली. दुसरीकडे चाचणी घेणाऱ्यांनी सेगँची पाटी उचलली, हातात घड्याळ घेतले आणि किती सेकंदांत भरते ते मोजायला सुरुवात केली. एकच वस्तू. विकासात्मक मानसशास्त्राच्या हातात ती शिकवायला आणि मापनाच्या हातात निवडायला.

विकासात्मक शाखा वऱ्हाडाच्या दारावरून गेली होती, हे मला फार उशिरा कळले. ताराबाई मोडक लग्नानंतर काही काळ अमरावतीला होत्या. पुढे त्या राजकोटला, तिथून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झाले, १९५७ मध्ये कोसबाडला. मूल कसे वाढते, ते कोणत्या वयात काय करू पाहते, त्याला त्याच्या अंगणातल्या वस्तूंनी कसे शिकवावे, या प्रश्नांवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांत उभे केलेले काम हे मराठीतले खरे बालमानसशास्त्र आहे, असे माझे मत आहे. विद्यापीठीय यादीत त्यांची नावे सापडत नाहीत. शंख, शिंपले, बिया घेऊन मोजायला शिकवणाऱ्या बाईंच्या हाती धाकटा पाच वर्षांचा असताना लागता तर काय झाले असते, हा विचार मी करतो आणि सोडून देतो.

बाकीच्या शाखा मुंबईच्या आसपास रुजल्या. टाटांच्या समाजकार्य शाळेमार्फत १९३७ मध्ये मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र निघाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, सैन्याचे अधिकारी निवडण्यासाठी मानसशास्त्रीय कसोट्या आल्या. पारसी पंचायतीने १९४७ मध्ये तरुणांना व्यवसाय सुचवणारे केंद्र काढले. १९५३ मध्ये ए. के. राइस हे इंग्लंडहून अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत आले आणि मागांवरच्या कामगारांचे गट करून काम कसे सुधारते ते त्यांनी पाहिले. औद्योगिक मानसशास्त्रात त्या प्रयोगाचे नाव जगभर घेतात. १९५९ मध्ये मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला. यातला बराचसा काळ आम्ही मुंबईचे नव्हतोच. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेले, मुंबई राज्यात आलो ते १९५६ ला. शिवाय मुंबईसारख्या गिरण्या नाहीत, मोठी छावणी नाही, मोठे कॉलेज नाही. ज्या शाखांना गिऱ्हाईक लागते, त्या इकडे कशाला येतील?

मनाच्या बाबतीत आमची राजधानी नागपूर. तिथले मनोरुग्णालय १८६४ चे. मानसशास्त्र नावाची प्रयोगशाळा जगात निघण्याच्याही पंधरा वर्षे आधीचे. मुंबईकडचे लोक चेष्टेत ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतात, पुणेकर येरवड्याचे नाव घेतात. आमच्याकडे माणसाला सरळ ‘येडा’ म्हणतात आणि विषय संपतो. या एका शब्दात दोन वेगळ्या अवस्था कोंबल्या आहेत. कानात आवाज ऐकू येणारा, संशयाने जेवण सोडणारा माणूस वेगळा. त्याचा आजार कधी तरी सुरू झालेला असतो आणि औषधाने उतरू शकतो. तो मनोविकारतज्ज्ञाचा आणि चिकित्सा मानसशास्त्राचा विषय. ज्याची वाढच संथ आहे तो वेगळा. त्याला औषध नाही, शिकवणे आहे. कायद्याने ही रेघ १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ओढली, ‘मनोरुग्ण’ या व्याख्येतून मतिमंदत्व वगळून. गावात ती रेघ अजून ओढली गेलेली नाही.

म्हणून माय धाकट्याला सैलानीला घेऊन गेली. बुलडाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि मनाने त्रस्त माणसांना लांबलांबून तिथे आणतात. हिंदू, मुसलमान सगळे. माय तीन वर्षे ओळीने गेली. मी तेव्हा नुकताच विज्ञानाची पुस्तके वाचू लागलेला, तिच्याशी भांडलो. आता माझा आवाज तितका चढत नाही. ती तिथे का गेली? कारण तिथे कोणी तिला आकडा सांगितला नाही, आणि तिच्यासारख्या शंभर आया तिला तिथे भेटल्या. त्या तिघी-चौघींची नावे ती शेवटपर्यंत घेत असे. समुपदेशन या शाखेची व्याख्या मी पाठ्यपुस्तकात वाचली तेव्हा मला त्या बायका आठवल्या. पण झाडाखाली साखळीने बांधलेले रुग्णही मी त्या यात्रेत पाहिले आहेत. त्यांना औषध वेळेवर मिळायला हवे होते. दोन्ही गोष्टी लिहून ठेवतो.

आता दुसरा कागद. २०१६ मध्ये दिव्यांग हक्कांचा नवा कायदा आला, ‘मतिमंदत्व’ जाऊन ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द आला. २०१८ मध्ये केंद्राने मोजणीची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार नुसता बुद्ध्यांक पुरत नाही. माणूस रोजचे व्यवहार किती करतो ते पाहायचे. त्यासाठी जी चाचणी सांगितली, तिचे नाव व्ही.एस.एम.एस. कागद पुन्हा काढणे आले, आणि माझ्यापुढे पुन्हा चार अक्षरे.

पहिले अक्षर गावाचे निघाले. व्हाइनलँड हे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातले गाव. द्राक्षांचे, बाटलीबंद द्राक्षरसाचा मोठा धंदा तिथेच सुरू झाला. तिथल्या मतिमंद मुलांच्या संस्थेत १९०६ मध्ये हेन्री गोडार्ड संशोधनप्रमुख झाला. दोन वर्षांनी त्याने बिनेची चाचणी युरोपातून अमेरिकेत आणली. आठ ते बारा मानसिक वयाच्या प्रौढांसाठी १९१० मध्ये त्याने ‘मोरॉन’ हा शब्द घडवला. त्याच्या खाली ‘इम्बेसिल’, त्याच्या खाली ‘इडियट’. १९१२ मध्ये त्याने एका कुटुंबाची कुळकथा लिहून मंदपणा रक्तातून उतरतो असा निष्कर्ष काढला, आणि बोटीतून उतरणाऱ्या स्थलांतरितांना चाचण्या लावल्या. अशा माणसांना मुले होऊ देऊ नयेत, या मताला त्याच्या लिखाणाने बळ दिले. पुढे १९२८ च्या सुमारास त्याने आपली मते बरीच मागे घेतली. तोवर शब्द शिव्या होऊन बसले होते. सात वर्षे चार महिन्यांच्या धाकट्याला तिथे ‘मोरॉन’सुद्धा म्हटले नसते. तो एक पायरी खाली गेला असता.

त्याच संस्थेत, गोडार्डच्या हाताखाली उमेदवारी केलेला एडगर डॉल १९२५ मध्ये संशोधनप्रमुख होऊन आला. त्याने प्रश्नच फिरवला. मुलाला कोड्यांत बसवण्याऐवजी त्याला रोज पाहणाऱ्या माणसाला विचारायचे: हा स्वतः जेवतो का, बटणे लावतो का, शेजारी एकटा जातो का, दुकानातून सामान आणतो का, घरच्या कामाची जबाबदारी घेतो का? १९३५ मध्ये ही सामाजिक परिपक्वतेची श्रेणी त्याने प्रसिद्ध केली. ज्या गावाने जगाला शिवी दिली, त्याच गावातून तीस वर्षांच्या आत तिच्यावरचा उतारा निघाला.

आणि तो भारतात कुठून आला? नागपूरहून. डॉ. ए. जे. मॅलिन यांनी नागपूरच्या चाइल्ड गाइडन्स सेंटरमधून डॉलच्या श्रेणीची भारतीय आवृत्ती केली. वेश्लरच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीचीही त्यांची भारतीय आवृत्ती १९६९ ची आहे. व्हाइनलँड श्रेणीच्या नागपुरी आवृत्तीत ८९ बाबी आहेत, जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. देशभर बौद्धिक अक्षमतेच्या दाखल्यासाठी ही नागपूर आवृत्ती वापरली जाते. ज्या शहराला आम्ही मनोरुग्णालयासाठी ओळखत होतो, तिथे बसून कोणी तरी धाकट्यासारख्यांना विचारायचा बरोबर प्रश्न इकडच्या माणसांसाठी तयार करत होते. २००२ मध्ये तो प्रश्न अस्तित्वात होता. आमच्या टेबलापर्यंत आला नव्हता, इतकेच.

२०१९ मध्ये आला. खुर्चीवर या वेळी माय बसली, कारण उत्तरे तिने द्यायची होती. धाकटा भिंतीला टेकून उभा. तपासणाऱ्या ताई चांगल्या होत्या, सावकाश विचारत होत्या.

“आजी, हा आंघोळ स्वतः करतो का?”

“नाई.”

“बाजारातून काही आणायला सांगितलं तर?”

“त्याले काई येत नाई, बाई.”

मी चकित होऊन तिच्याकडे पाहिले. जिने सगळ्या गावाशी भांडून सांगितले होते की माह्या पोराले सगळं समजते, ती एकामागून एक नकार देत होती. जेवण? भरवावे लागते. कपडे? मीच घालते. भिंतीपाशी धाकटा सगळे ऐकत होता. त्या सकाळी त्यानेच गोठा झाडला होता, गाय पिळली होती आणि मायची औषधाची पिशवी गाडीत ठेवली होती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “खरं सांगतलं असतं तं पगार बंद झाला असता. मी मेल्यावर त्याले कोन देईन?” निराधार योजनेच्या मानधनाला आमच्याकडे पगार म्हणतात. त्यासाठी अक्षमता ४० टक्के असली तरी पुरते. सौम्य गटाला ५० टक्के धरतात, म्हणजे तिने खरे सांगितले असते तरी दाखला बहुधा टिकला असता. हे मला नंतर सापडले. तिला कसे ठाऊक असणार? तिला एवढेच कळले होते की सरकारसमोर पोराचे गुण सांगितले की पैसे जातात. डॉलने ही श्रेणी तयार करताना सांगणाऱ्याला खोटे बोलण्याचे काही कारण नसेल असे गृहीत धरले असावे. त्याच्याकडे ते मुलांना काय शिकवावे हे ठरवण्यासाठी होते. इथे ते पगारासाठी आहे. घरी येईपर्यंत धाकटा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने गोठा झाडला नाही, तिसऱ्या दिवशी झाडला.

या मुलखात अगदी अलीकडे एक शाखा न बोलावता आली. सामुदायिक मानसशास्त्र म्हणतात तिला. माणसाला दवाखान्यात आणण्याऐवजी ती त्याच्या वस्तीत जाते. शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाचे नाव सगळीकडे झाले, त्यानंतरची ही गोष्ट. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत २०११ नंतर ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांच्यामार्फत उदास, खचलेल्या माणसांपर्यंत पोचायचे, अशी त्याची रीत. त्याचा अभ्यास ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त २०१७ मध्ये आला. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कुठल्या तरी मदतीपर्यंत जात होते, दीड वर्षाने ते प्रमाण २७.२ टक्के झाले. शासनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ २०१५ चा. त्याच्या चौदा जिल्ह्यांत बुलडाणा आहे. आशाताई घरी येऊन विचारतात: झोप लागते का, जेवण जाते का, मन कशात लागते का? पाठ्यपुस्तकाच्या यादीत ही शाखा बहुधा सगळ्यात खाली असते, काही पुस्तकांत नसतेही. आमच्या आळीत उंबरठा ओलांडून आत आलेली ती पहिलीच. ताई घरी आल्या तेव्हा माय त्यांच्याशी तासभर बोलली. धाकट्याबद्दल नाही, स्वतःबद्दल. तिला रात्र रात्र झोप नव्हती, हे त्या दिवशी आम्हाला कळले. तिच्यासाठी आजवर कोणी कुठली फूटपट्टी आणली नव्हती.

माय २०२१ मध्ये गेली. पगार सुरू आहे. तो माझ्या हातात येतो आणि मी धाकट्याच्या देखत डब्यात ठेवतो, दहा-दहाच्या नोटा करून.

गेल्या महिन्यात एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन दुकानात आली. दाखल्याच्या अर्जासोबत जोडायच्या झेरॉक्स हव्या होत्या. मुलगा काउंटरवरच्या पेनांच्या टोपणांची रांग लावत बसला, रंग जुळवून. शाळेने दिलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवून तिने विचारले, “भाऊ, हे व्ही.एस.एम.एस. काय असते?”

मी तिला सांगितले, तपासणी पोराची नसते, तुलाच प्रश्न विचारतील. हा काय काय करतो ते.

“मंग काय सांगू? येते म्हनू का येत नाई म्हनू?”

जे येते ते येते म्हण, असे म्हणायला मी तोंड उघडले. टक्क्यांचा तक्ता मला पाठ आहे. तोही तिला सांगता आला असता. तेवढ्यात धाकटा समोरच्या टपरीवरून चहा घेऊन आला. सांगितले होते दोन. त्याने बाई बसलेली पाहिली आणि तीन आणले, आणि पोरासाठी बिस्किटाचा पुडा. बाईने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी तक्ता काढून तिच्यासमोर ठेवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.